पाळलेल्या जनावराची मर्जी कोण विचारतो?

सांजफेरी (प्रश्न)

आमच्या घरी बारा वर्षांची कुत्री आहे आणि तिला रोज संध्याकाळी फिरवून आणण्याचे काम माझ्याकडे असते. घरापासून थोड्या अंतरावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा फाटा डांबरी, उजेडाचा आणि किंचित चढाचा आहे, तर उजवीकडचा मातीचा आणि अरुंद आहे. गेली कित्येक वर्षे आम्ही डावीकडेच वळत आलो. मागच्या आठवड्यात मी फोनवर बोलत असताना पट्टा हातात सैल राहिला, तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि उजवीकडे पाऊल टाकले. पुढे एका भिंतीच्या पायथ्याशी ती इतका वेळ हुंगत उभी राहिली की माझे बोलणे संपले तरी तिचे हुंगणे संपले नव्हते. घरी परतताना जाणवले की कोणत्या बाजूला जायचे हे तिने ठरवल्याचे मला आठवत असलेले हे पहिलेच उदाहरण आहे, आणि तेही माझे लक्ष नव्हते म्हणून घडले.

तेव्हापासून मनात एक हिशेब सुरू आहे. तिने काय आणि किती खावे, लघवीला केव्हा जावे, कोणाच्या जवळ जावे आणि कोणापासून दूर राहावे, तिला पिल्ले व्हावीत की नाही, हे सारे आम्ही ठरवले. तिची नसबंदी करून घेतली तेव्हा सर्वांनी आम्हाला जबाबदार पालक म्हटले, आणि आजही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. तिचा शेवट फार वेदनेचा होऊ लागला तर तो कधी व्हावा हेही बहुधा आम्हालाच ठरवावे लागेल. एका माणसाने दुसऱ्या माणसावर एवढा अधिकार गाजवला असता तर त्याला आपण माया म्हटले नसते. आमचा तिच्यावर जीव आहे, याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नाही.

म्हणून विचारतो: पाळीव प्राण्याला चांगले वागवणे म्हणजे नेमके काय? पोटभर अन्न, औषधपाणी आणि मारहाण नाही, एवढ्यावर आपले कर्तव्य संपते का? की असे पूर्णपणे आपल्यावर विसंबलेले जीव जन्माला घालत राहणे हीच मुळातली चूक आहे? प्रश्न कुत्र्यामांजरांपुरता ठेवू नये. दूध, अंडी, लोकर आणि मांसासाठी पाळलेली जनावरेही त्यात यावीत. ‘आमचा मोती किती गोड आहे’ अशा प्रतिसादांपेक्षा विचार करून दिलेली उत्तरे वाचायला आवडतील.

टाके

मी पशुवैद्य असल्यामुळे माझे उत्तर शरीराकडे झुकलेले असणार, हे आधीच सांगते. आपल्या हिशेबात एक निर्णय राहून गेला आहे, आणि तो आपण घेतलेला नाही. आपल्या कुत्रीच्या जन्माआधी कित्येक पिढ्या कोणीतरी तिचे शरीर कसे असावे हे ठरवले होते.

सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्याएव यांनी १९५९ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे चंदेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला आणि ल्युडमिला ट्रूट यांनी तो पुढे कित्येक दशके चालवला. निवडीची कसोटी एकच होती: माणूस जवळ आला की जो कोल्हा कमी घाबरतो आणि कमी चावतो, त्याचीच पुढची पैदास करायची. काही पिढ्यांतच माणसाला पाहून शेपूट हलवणारी पिल्ले जन्मू लागली, आणि त्यांच्यात पडलेले कान, वळलेली शेपटी, अंगावर पांढरे ठिपके अशी लक्षणेही दिसू लागली. हे कोल्हे मुळात फर मिळवण्यासाठी पाळलेल्या जनावरांतून आणलेले होते, त्यामुळे यांतले काही आधीपासूनच त्यांच्यात असावे असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो रास्त आहे. तरीही स्वभाव निवडता निवडता आपण कितीतरी वेगाने प्राणी बदलू शकतो, एवढे त्यातून कळतेच. आपल्या पायाशी लोळणारा प्राणी आपल्यावर विसंबून आहे याचे आपल्याला कौतुक वाटते. पण ते विसंबणे आपणच त्याच्यात पेरले आहे.

इथवर मला फारशी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती आपण दिसण्यासाठी निवड करू लागलो तिथून. चपट्या नाकाच्या कुत्र्यांची कवटी आपण आखूड करत नेली, पण आतली मऊ टाळू आणि इतर ऊती त्या प्रमाणात आखूड झाल्या नाहीत. त्या लहान जागेत दाटीवाटीने बसल्या आणि श्वासाची वाट अडली. असे कुत्रे तपासायला आणताना मालक मोबाइलवर कौतुकाने चित्रफीत दाखवतात: तो बसल्या बसल्या झोपतो, डुलक्या घेतो, हनुवटी खुर्चीच्या कडेवर टेकवून घोरतो. मला त्या चित्रफितीत दिसते ते हे, की आडवे झाल्यावर श्वास कोंडतो म्हणून तो मान उंच ठेवून झोपायचा प्रयत्न करत आहे. मालकाचे प्रेम खरे असते आणि त्याच प्रेमाने त्याने तो कुत्रा निवडलेला असतो. बुलडॉगच्या बाबतीत तर डोके इतके मोठे आणि कंबर इतकी अरुंद झाली आहे की ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत या जातीच्या ८० टक्क्यांहून अधिक वेतांमध्ये पिल्ले पोट चिरून काढावी लागल्याचे आढळले. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्ड मांजरांचे तसेच. १९६१ मध्ये स्कॉटलंडमध्ये अशी एक मांजरी आढळली आणि तिच्यापासून जात तयार केली गेली. परंतु कान दुमडवणारा जनुकीय दोष केवळ कानात थांबत नाही, तो सर्वांगातल्या कूर्चेत, म्हणजे सांध्यांतल्या लवचीक मऊ हाडात, असतो, आणि पुढे सांधे आखडतात. पाय पुढे पसरून बसलेल्या ज्या मांजरांची छायाचित्रे लोक हौसेने पाठवतात, त्या बसण्यात अनेक पशुवैद्यांना सांधेदुखी दिसते.

खाण्यासाठी वाढवलेल्या कोंबडीचे शरीर तर याहून अधिक बदलले आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालचा वाण आणि २००५ सालचा वाण एकाच प्रकारचे खाद्य देऊन शेजारी शेजारी वाढवले गेले. ५६ दिवसांनी जुन्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम होते आणि नव्याचे ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेच. फरक सगळा पैदाशीचा. तेवढा भार त्या कोवळ्या पायांना पेलत नाही, हे समजायला पशुवैद्य असण्याची गरज नाही. अशा पक्ष्याला उद्या कोणी हिरव्या कुरणात मोकळे सोडले तरी त्याची कैद संपत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रेम असले की प्राण्याचे मन आपल्याला कळते, ही समजूत सोडून द्यावी. घरात काही सांडले की कुत्रा कान पाडून, नजर चुकवून ‘अपराधी’ चेहरा करतो असे सगळे सांगतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मालकांना खोटेच सांगण्यात आले की कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला आहे. तो चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत होता. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती बहुतेक वेळा आपल्याच रागाची भीती असते.

जाता जाता एक व्यवहारातली विचारणा. बारा वर्षांची कुत्री चढाचा डांबरी रस्ता सोडून मातीच्या सपाट वाटेला वळली, याला आपण स्वातंत्र्याची ओढ समजलात. तसे असेलही. पण ती जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलते का आणि झोपेतून उठताना पहिली काही पावले आखडून टाकते का, एवढे पाहून सांगाल का?

अर्धविराम

टाके यांच्या प्रतिसादातून जो निष्कर्ष सरळ निघतो तो त्यांनी काढलेला नाही, म्हणून मी काढतो. अशी जनावरे जन्माला घालणे आपण थांबवले पाहिजे. चपट्या नाकाचीच नव्हेत, सगळीच.

हे ऐकले की लोक लगेच विचारतात, मग आहेत त्यांना रस्त्यावर सोडायचे का? अजिबात नाही. गॅरी फ्रान्सिओन यांच्यासारखे विचारवंत पाळीवपण संपवावे असे म्हणतात तेव्हा त्यांचे म्हणणे असे असते की जे जीव आज आहेत त्यांना शेवटपर्यंत सांभाळावे, पण नवे निर्माण करू नयेत. पाळीव प्राणी धड रानाचा राहत नाही आणि धड माणसांच्या समाजाचा सभासदही होत नाही. तो कायमचा आश्रित असतो आणि आश्रय देणाऱ्याच्या लहरीवर त्याचे बरेवाईट ठरते. आपण भले असाल, सांजफेरी, परंतु तिला भला मालक मिळाला हा तिच्या दृष्टीने नशिबाचा भाग आहे, आणि ज्या व्यवस्थेत एका पक्षाचे सगळे आयुष्य नशिबावर टांगलेले असते तिला मी न्याय्य म्हणू शकत नाही.

‘मोकळे सोडा’ या उपायाची पोकळी पाहायची असेल तर २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ सापडलेला मेंढा आठवावा. कळपापासून तुटून तो कित्येक वर्षे एकटा भटकत राहिला होता. रानटी मेंढीची लोकर हंगामात आपोआप गळते; या मेंढ्यासारख्या, लोकरीसाठी पाळलेल्या मेरिनो जातीची गळत नाही, कारण ती गळू नये अशीच आपण निवड केली. सापडला तेव्हा त्याला धड चालता येत नव्हते आणि त्याच्या अंगावरून ४० किलोंहून अधिक लोकर उतरवावी लागली. ज्या बातम्यांत त्याचे कौतुक झाले त्यांत तो विक्रम म्हणून छापला गेला, याची मला आजही चीड येते.

शिवाय हा प्रश्न एका घरातल्या एका कुत्रीचा नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरील सर्व सस्तन प्राण्यांच्या एकूण जैवभारात, म्हणजे सगळ्यांच्या मिळून वजनात, पाळीव पशूंचा वाटा सुमारे ६० टक्के, माणसांचा ३६ टक्के आणि साऱ्या रानटी सस्तन प्राण्यांचा मिळून केवळ ४ टक्के आहे. म्हणजे आज जनावर म्हणून जन्माला येणे याचा अर्थ बहुतांशी माणसाच्या ताब्यात जन्माला येणे असाच झाला आहे. पट्टा थोडा सैल करून या आकड्यांचे काय होणार?

दावणकर

अर्धविराम यांचे लिखाण मी दोनदा वाचले. माझ्याकडे चौदा गाई आहेत आणि माझे पोट त्यांच्यावर चालते, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे समजून पुढचे वाचावे.

आमच्या धंद्यात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, तो कराराचा. जनावरांनी माणसाकडून चारा, निवारा आणि वाघालांडग्यांपासून संरक्षण घेतले, बदल्यात दूध, कष्ट आणि शेवटी शरीर दिले, असा तो करार. पूर्वी मलाही तो पटत असे. करारात दोन्ही बाजूंना नाही म्हणता यावे लागते, आणि माझ्या गाईंपैकी एकीलाही ते कधी म्हणता आलेले नाही, हे मी आता मान्य करतो. तरीही सुरुवात केवळ जबरदस्तीची होती असेही मला वाटत नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा होता. त्याच्या दातांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की तो जेमतेम सहा-सात महिन्यांचा होता आणि मरण्याआधी काही आठवडे डिस्टेंपर या कुत्र्यांच्या घातक संसर्गजन्य रोगाने अत्यंत आजारी होता. कोणी पाणी पाजल्याशिवाय, स्वच्छ केल्याशिवाय, उबेला ठेवल्याशिवाय ते पिल्लू तितके दिवस जगले नसते असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या अवस्थेत ते कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. शिकारीला नाही, राखणीला नाही. तरी कोणीतरी त्याच्याजवळ बसले.

आता माझ्या गोठ्यातले सांगतो. गाय व्याली की वासराला चीक पाजून पहिल्याच दिवशी वेगळे करायचे, असे मी शिकलो होतो. त्यामागे हिशेब असा की उशिरा तोडले तर दोघेही अधिक हंबरतात. ते खरे आहे. लवकर तोडले तर आरडाओरडा कमी होतो. मात्र आरडाओरडा कमी म्हणजे नुकसान कमी, हा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला होता. माझी एक गाय वेगळे केल्यानंतर तिसऱ्या दिवशीही दूध काढून झाल्यावर गोठ्याच्या त्या एका कोपऱ्याशी जाऊन उभी राहत असे, जिथे ती व्याली होती. तिथली जागा मी धुऊन काढली होती, वर ताजे गवत पसरले होते. ती मान खाली घालून गवत बाजूला सारायची आणि खालची फरशी चाटायची. चारा समोर असताना ती तसे करत होती, म्हणून भूक हे कारण मला सांगता येईना.

त्यानंतर मी पद्धत बदलली. वासरू दिवसभर आईपाशी राहते, रात्री शेजारच्या कप्प्यात असते, जिथून एकमेकांना हुंगता येते, आणि सकाळचे दूध काढून झाले की पुन्हा सोडतो. विकायला दूध कमी मिळते. वासरे चांगली भरतात, कालवडी अंगाने लवकर तयार होतात. शेवटी तोडावे लागते तेव्हा मात्र हंबरणे पूर्वीपेक्षा जास्त असते, आणि ते दोन-तीन दिवस मी शक्यतो गोठ्यातच असतो. त्याने गाईला काही फरक पडत नसावा, पण आपण काय करतो आहोत ते ऐकावे असे मला वाटते.

गोऱ्ह्यांचे काय करतो आणि भाकड झालेल्या गाईंचे काय करतो, हे आपण विचाराल. काहींना शेवटपर्यंत ठेवतो, सगळ्यांना ठेवणे जमत नाही. जी विकली त्यांचे पुढे काय झाले याची मी चौकशी करत नाही, आणि ती न करणे हा माझ्याकडून होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे, हे मला ठाऊक आहे. दूध पिणाऱ्यांपैकीही कोणी ती चौकशी करत नाही.

सरळरेघ

माणसांना दोन वेळचे मिळत नसताना गाईच्या मनाचा एवढा ऊहापोह कशासाठी, हे मला प्रामाणिकपणे कळलेले नाही.

खुडूक

सरळरेघ, जनावरांच्या छळाविरुद्ध ब्रिटिश संसदेत १८२२ साली कायदा मंजूर करून घेणारे रिचर्ड मार्टिन हे फाशीच्या शिक्षेची व्याप्ती कमी व्हावी म्हणूनही झगडत होते. दया ही मोजून ठेवलेली नसते की एकाला दिली तर दुसऱ्याला कमी पडेल. अधिक लिहीत नाही, कारण मूळ प्रश्न वेगळा आहे.

माझे टोपणनाव वाचून हसू नये. मी बरीच वर्षे अंड्यांच्या कोंबड्या सांभाळल्या आहेत आणि खुडूक बसणारी कोंबडी माझी विशेष आवडती. अंड्यांसाठी तयार केलेल्या वाणांतून ते खुडूक बसणे जवळजवळ काढून टाकले गेले, कारण अंड्यांवर बसलेली कोंबडी नवी अंडी घालत नाही. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, हे वाण तीनशेच्या आसपास घालतात. त्या तीनशे कवचांच्या कॅल्शियमचा बराच भाग तिच्याच हाडांतून जातो आणि छातीचे हाड मोडणे ही अशा कोंबड्यांमधली नेहमीची दुखापत आहे. या वाणांचे नर अंडीही देत नाहीत आणि मांसही पुरेसे देत नाहीत, म्हणून ते उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने ही पद्धत २०२२ पासून बंद केली आहे.

सांजफेरी यांनी विचारले की पोटभर अन्न आणि औषधपाणी पुरेसे आहे का. हा प्रश्न सरकारी पातळीवर नीट विचारला गेला तो १९६५ साली, ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीच्या अहवालात. आदल्या वर्षी रूथ हॅरिसन यांनी बंदिस्त पशुपालनावर लिहिलेल्या पुस्तकाने लोक हादरले होते. समितीने म्हटले की जनावराला निदान उठता, आडवे होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. मागणी किती किमान होती पाहा, आणि तीही तेव्हा पाळली जात नव्हती. त्यातून पुढे पाच स्वातंत्र्ये मांडली गेली: भूक-तहान, गैरसोय, दुखणे व आजार आणि भय यांपासून मुक्ती, व पाचवे म्हणजे स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. यातली चार ‘कशापासून’ सुटका आहे ते सांगतात. जनावराला काय हवे आहे याचा विचार पाचव्यातच काय तो येतो, आणि व्यवहारात पहिला बळी त्याचाच जातो.

परंतु मला सांगायची आहे ती या समितीची चूक. कोंबड्यांच्या पिंजऱ्यात बारीक षटकोनी जाळीची जमीन वापरू नये, त्यांच्या पायांना ती त्रासदायक असणार, असे समितीने सद्भावनेने सुचवले होते. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांसमोर वेगवेगळ्या जमिनी ठेवल्या आणि कोणती निवडतात ते पाहिले. कोंबड्यांनी नेमकी तीच बारीक जाळी पसंत केली, कारण जाड तारेपेक्षा तिच्यावर पायाला जास्त ठिकाणी आधार मिळत होता. समितीतली माणसे हुशार होती, कनवाळू होती, त्यांनी सगळ्यांना विचारले होते. फक्त कोंबडीला विचारायचे राहिले होते.

तेव्हापासून विचारण्याच्या पद्धती पुष्कळ सुधारल्या आहेत. नुसती निवड न पाहता, त्या वस्तूसाठी प्राणी किती कष्ट घेतो हे पाहतात. अंडे घालण्याची वेळ जवळ आलेली कोंबडी आडोशाच्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी जड दार ढकलते, अरुंद फटीतून अंग दडपते. मी स्वतः पाहिले आहे ते असे: उघड्या पिंजऱ्यात अंड्याच्या आधी तासभर ती येरझारा घालते, जाळीच्या कोपऱ्यात छाती दाबते, पायांनी नसलेली माती उकरते, मान बाहेर काढते, पुन्हा फिरते. खोक्यात भाताचा पेंढा घालून तो ठेवला की ती आत जाते, दोन-चार काड्या चोचीने पाठीवर टाकते आणि गप्प होते. युरोपीय संघाने असे उघडे, रिकामे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले, त्यामागे या प्रकारचे पुष्कळ पुरावे होते. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटे पाळता येत नाहीत, कारण त्यांना सोबत लागते. याला मी विचारणे म्हणतो.

विचारण्याच्या मर्यादाही आहेत. कुत्र्याला निवड दिली तर तो चॉकलेटही खाईल, आणि ते त्याला विष आहे. लस टोचून घ्यायची की नाही हे मांजरावर सोडता येणार नाही. स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका यांनी २०११ मध्ये मांडलेली दिशा मला इथे उपयोगी वाटते. पाळीव प्राण्यांना आपण आपल्या समाजात ओढून आणले आहे, तेव्हा त्यांना आपल्यातलेच नागरिक मानावे, आणि ज्यांना स्वतःचे हित शब्दांत सांगता येत नाही अशा माणसांच्या बाबतीत आपण करतो तसे त्यांच्या खुणा ओळखून त्यांचे म्हणणे व्यवहारात आणावे, असे ते म्हणतात. अर्धविराम यांच्याशी माझा मतभेद इथे आहे. विसंबून असणे म्हणजेच अप्रतिष्ठा, हे मला मान्य नाही. आपण सगळेच जन्मतः आणि बहुधा शेवटीही कोणावर तरी विसंबून असतो. पैदास थांबवण्याबद्दलही एक विचार करावा: एका जातीला पिल्लेच होऊ न देणे हा निर्णयही तिला न विचारताच घेतलेला असेल.

दावणकर, आपण चौकशी करत नाही असे लिहिलेत. ती करावी. मी माझ्या म्हाताऱ्या कोंबड्यांची केली, आणि त्यानंतर त्यांची संख्या निम्म्यावर आणली.

अर्धविराम

खुडूक, ‘न विचारता पैदास थांबवणे’ हा मुद्दा मला अडचणीचा आहे, हे कबूल करतो. जन्मालाच न आलेल्या जीवावर अन्याय होत नाही, असे माझे उत्तर असते. पण आज हयात असलेल्या मादीला पिल्लांची ओढ असेल तर तिच्यावर होतो, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही. कोंबड्यांची संख्या निम्म्यावर आणणे मात्र माझ्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे, हेही आपण कबूल करावे.

सांजफेरी

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण टाके यांनी पाहायला सांगितलेले पाहत होतो.

जिना चढताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलते, सशासारखे. हे ती किती दिवस करते आहे ते मला सांगता आले नाही, आणि घरातल्या इतर कोणालाही आले नाही. सकाळी उठल्यावर ती आधी पुढचे पाय लांबवते, मग थांबते, मग मागचे अंग ओढून घेते. आम्ही त्याला तिचा आळस म्हणत होतो. तपासणीत दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले, उजवा अधिक. छायाचित्र दाखवताना आमच्या पशुवैद्यांनी सांगितले की हे काही महिन्यांतले नाही, दोनेक वर्षांपासूनचे असावे. त्या दोन वर्षांत मी तिला रोज तो चढ चढायला लावत होतो, व्यायाम व्हावा म्हणून, आणि ती फाट्यावर थांबली की हट्टी झाली आहे असे समजून पट्टा ओढत होतो.

दुखणे कमी करणारे औषध सुरू केले आहे. गेले आठ दिवस फाट्यावर मी थांबतो आणि पट्टा सैल सोडतो. सात दिवस ती उजवीकडे गेली, त्यांतल्या तीन दिवशी भिंतीपर्यंत जाऊन लगेच घराकडे वळली. फेरी पूर्वी पाऊण तासाची असे, आता कधी दहा मिनिटांची होते, कधी अर्ध्या तासाची. मला तिच्या वजनाची काळजी वाटते, म्हणून खाणे थोडे कमी केले आहे. तो निर्णय पुन्हा माझाच, आणि तो तिला आवडलेला नाही हे ती ताटली पायाने सरकवून रोज सांगते.

अर्धविराम, आपल्या आकड्यांपुढे हे फार लहान आहे, मान्य. दावणकर यांचा फरशी चाटणाऱ्या गाईचा परिच्छेद मी घरात वाचून दाखवला. तेव्हापासून आमच्याकडे येणारे दूध कोणाच्या गोठ्यातले आहे आणि तिथली वासरे कुठे असतात, हे विचारायला सुरुवात केली आहे. अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

टाके

खुबे आहेत तर घरातल्या गुळगुळीत फरशीवर ती जिथून जिथून चालते तिथे पायाला पकड मिळेल असे जाड पायपुसणे किंवा रबरी चटया टाकाव्यात, विशेषतः पाण्याच्या भांड्यापाशी आणि ती जिथून उठते तिथे. पाण्याचे भांडे चार बोटे उंच ठेवून पाहावे, आणि जुने खालीच राहू द्यावे. कोणते वापरते ते तीच दाखवेल. नखे वाढली असतील तर कापून घ्यावीत.

आठवा दिवस राहिला. त्या दिवशी ती डावीकडे गेली होती का?

सांजफेरी

हो. औषध सुरू होऊन पाच दिवस झाले होते. चढ अर्ध्यापर्यंत चढली, एका खांबापाशी थांबली, हुंगले आणि परत फिरली. खाली उतरताना मी ओढले नाही, तिनेही नाही.